सतरा नंबरची जोडी

माधवनगर, सांगली
१२ जानेवारी २०२५

अर्फा,

तू माझा नंबर बंद केला आहेस, म्हणून टपाल. पत्ता तुझ्या लग्नपत्रिकेवरून घेतला. तो तुझ्या सासरचा, सरफराजच्या दुकानाचा आहे, त्यामुळे पाकीट नीट चिकटवलं आहे.

कामाचं आधी लिहिते, पुढचं वाचलं नाहीस तरी चालेल. तुझ्या आईच्या, अकिलाचाचीच्या डाव्या छातीत गाठ आहे. ती सोळा महिन्यांपासून आहे. चाचीला सांगलीला आणून तपासून घ्यायला हवं. सोमवारी आणि गुरुवारी बाह्यरुग्ण विभाग असतो. मी नाव लावून ठेवीन, रांगेत मी उभी राहीन. तिला माझ्याशी बोलावं लागणार नाही.

ही गाठ तुला माझ्या तोंडून कळली, आणि कशी कळली ते आपल्या दोघींनाही पाठ आहे. ११ नोव्हेंबर, आई जाऊन तिसरा दिवस. आमच्या सोप्यात बायका बसलेल्या. चूल बंद म्हणून चाची तुमच्या घरचं पिठलं-भाकरी घेऊन दारात उभी होती. मी उठून म्हणाले, "माझ्या आईच्या गोळ्या तुम्ही खाल्ल्या." चाचीनं पातेलं उंबऱ्याशी ठेवलं आणि ती गेली. तू म्हणालीस, "दर्शे, तोंड आवर." मी आवरलं नाही. चाचीला गाठ आहे, तिनं ती तुझ्या लग्नासाठी लपवली, आणि माझ्या आईनं स्वतःची औषधं तिला दिली, हे सगळं मी तिथंच सांगितलं.

वेळ आणि जागा चुकली. वाक्य खरं होतं. आईनं शेवटच्या आठवड्यात मला स्वतः सांगितलं होतं.

चाचीचं वय, आधीचे आजार आणि दुसरी कुठली औषधं चालू असतील तर त्यांची नावं एका कागदावर लिहून पाठव. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

प्रियदर्शनी


माधवनगर
२६ जानेवारी २०२५

अर्फा,

तुझं कार्ड मिळालं. चार ओळी आहेत. त्यातल्या दोन चाचीच्या आहेत: "दर्शनी म्हणते मी मंगलला खाल्लं. मग त्याच दवाखान्यात मी कुठल्या तोंडानं जाऊ?" उरलेल्या दोन तुझ्या: "झालं तुझं समाधान? परत लिहू नको."

समाधान झालेलं नाही, म्हणून परत लिहिते आहे.

चाचीला समजावण्याआधी आईनं असं का केलं ते तुला कळायला हवं. तू तेव्हा लग्नाच्या खरेदीत होतीस आणि मी इथे होते. आपल्या दोघींनाही दिसलं नाही.

मी काय काम करते हे तू एकदा विचारलं होतंस आणि मी "कॉम्प्युटरवर" एवढंच म्हणाले होते. आईला मात्र नीट सांगितलं होतं. बाईच्या शरीरातलं हार्मोन पेशीत शिरलं की तिथल्या एका प्रथिनाला चिकटतं. ते प्रथिन पेशीच्या केंद्रकात जाऊन ठरावीक जनुकांशेजारी बसतं आणि ती चालू करतं. छातीच्या बहुतेक कॅन्सरमध्ये गाठ त्यावरच वाढते. त्या प्रथिनाच्या हुकमातली जनुकं नेमकी कोणती, याचा संगणकाकडून अंदाज काढायचा आणि तो खऱ्या गाठींवर पडताळून बघायचा, हे माझं काम.

आईला मी म्हणाले होते, ते प्रथिन म्हणजे आपल्या पाटावरचा पाटकरी समज. हुकूम आला की तो दारं उघडतो, पण शेकडो रानांतल्या नेमक्या कुणाच्या रानाचं दार उघडतो ते आम्ही आधीच ओळखायला बघतो. आणि तुझी गोळी त्याला हुकूमच पोचू देत नाही.

आई हसली. "म्हंजे पाटकऱ्याला घरी बसवायची गोळी हाय की ही. तुज्या आबाला बी दे एक, फौजेतनं आल्यापास्नं लय हिंडतोय."

मला माझं उदाहरण फार आवडलं होतं. ते मी नंतर एका व्याख्यानातही वापरलं.

सप्टेंबर २०२३ मध्ये डॉक्टरांनी सांगितलं की आईची गाठ मोठी आहे, आधी सहा महिने गोळ्या देऊन ती लहान करू, मग ऑपरेशन. रोज एक, एकशे ऐंशी गोळ्या. आई पहिली पाकिटं घेऊन गावी कुंडलला पोचली त्याच दिवशी चाचीनं तिला परड्यात नेऊन आपली गाठ दाखवली. चाची म्हणाली, "आत्ता कळलं तर सातारकर पाहुणे परत जातील. अर्फाचं होऊ दे, मग बघू." आईनं खूप समजावलं म्हणे. चाची ऐकेना. मग आईनं पाळी लावली.

हा शब्द आईचाच. उसाला पाणी देतात तशी पाळी. आज मंगलची, उद्या अकिलाची. आईचा हिशेब तिच्या दृष्टीनं सरळ होता, आणि तो माझ्याच पाटकऱ्यावर बेतला होता. मला म्हणाली, "एक दिस दार उघडं ऱ्हायलं म्हणून काय सगळं रान भिजतंय व्हय गं?" दोन महिने एकाआड एक. दिवाळीच्या आधी चाचीची गाठ दुखायला लागली, तेव्हा आईनं आपली पाळी पुढे ढकलली आणि सगळ्याच गोळ्या तिला द्यायला लागली. अर्फाचं लग्न झालं की अकिला दवाखान्यात जाईल, मग माझी पाळी. दार बंद ठेवायचंय ते एका माणसाच्या शरीरात आणि रोज, त्याची वाटणी होत नसते, हे मी सांगितलं नव्हतं. सांगावं लागेल असं वाटलं नव्हतं.

मी रोज संध्याकाळी फोनवर विचारायची, "गोळी?" आई म्हणायची, "घेतली गं."

यात चाचीनं मागून काही घेतलेलं नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं. तिसऱ्या दिवशी ते मी सांगितलं नाही.

चाचीला आण.

प्रियदर्शनी


माधवनगर
९ फेब्रुवारी २०२५

अर्फा,

उत्तर नाही. दोन सोमवार आणि दोन गुरुवार गेले.

आबा काल म्हणाले, "अकिला आता हापशावर बी येत न्हाई. बादशहाच घागरी नेतोय." गादीवाले बादशहाचाचा दिवसभर कापूस पिंजून वर पाणी भरताहेत, म्हणजे चाचीला हात वर करता येत नसणार. आबांना यातलं वैद्यकीय काही कळत नाही. मला कळतं.

मी दोन पत्रांत जे लिहिलं त्यात खोटं काही नाही. पण एक गोष्ट वगळली आहे. ती मी अजून कुणालाच सांगितलेली नाही.

आमच्याकडे गाठींचे तुकडे जोडीनं येतात. एक गोळ्या सुरू होण्याआधीचा, एक ऑपरेशनच्या वेळचा. वर नाव नसतं, नुसता नंबर, वय, तालुका आणि तारखा. आमचा अंदाज बरोबर असेल तर दुसऱ्या तुकड्यात पाटकऱ्याच्या हुकमातली जनुकं मंद झालेली दिसायला हवीत. एकूण एकेचाळीस जोड्या होत्या. चौतीसमध्ये जनुकं मंद झाली. सहा गाठी गोळीला दाद न देणाऱ्या निघाल्या. तशा गाठीत काही दारं बंद होतात आणि भलतीच काही उघडतात, तो आकृतिबंध ओळखू येतो. एका जोडीत काहीच हललं नव्हतं. सहा महिन्यांनी घेतलेला तुकडा अगदी पहिल्यासारखा होता. जोडी नंबर सतरा. मी यादीत शेरा लिहिला: "दोन्ही नळ्या पहिल्याच वेळच्या असाव्यात. वगळली." तो दिवस १९ जून २०२४.

सतरा नंबरचं वय अठ्ठावन्न होतं. तालुका पलूस. पहिला तुकडा ४ सप्टेंबरचा, दुसरा ११ मार्चचा. त्या दोन्ही दिवशी ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर मी आणि आबा बसलो होतो.

मला माहीत होतं, अर्फा. यादी उघडली त्या क्षणी माहीत होतं. नियमाप्रमाणे मी तेव्हाच सरांना सांगून बाजूला व्हायला हवं होतं. मी झाले नाही, कारण मला बघायचं होतं. आणि बघितल्यावर, नळ्या बरोबर आहेत असं मानलं तर पुढे काय मानावं लागेल, तिथपर्यंत मी जाऊ शकले नाही. गोळी आईवर चालत नाही असं निघालं असतं, असं मी स्वतःला सांगत होते. तेही खरं नव्हतं. गोळी न चालल्याचा आकृतिबंध वेगळा असतो. काहीच न हलण्याचा अर्थ एकच: गोळी पोटात गेलेलीच नाही. हे मी दुसऱ्या कुणाच्याही जोडीबद्दल पाच मिनिटांत लिहून दिलं असतं.

तिकडे मार्चमध्येच, गाठ लहान झाली नाही म्हणून डॉक्टरांनी आईची गोळी बंद केली होती. त्यांच्या समोर जे होतं त्यावरून तो निर्णय बरोबरच होता. मग केमोथेरपी सुरू झाली. तुझ्या लग्नात ती डोक्यावरून पदर का सरकू देत नव्हती ते तुला आठवत असेल. जूनमध्ये मी फोन करून फक्त एक वाक्य विचारायचं होतं, "आई, खरं सांग, खाल्ल्यास का?" ती माझ्याशी सरळ प्रश्नाला खोटं बोलली नसती. रोज "गोळी?" हा काही सरळ प्रश्न नव्हता, तो सवयीचा होता. ती 'नाही' म्हणाली असती, डॉक्टरांनी गोळी परत सुरू केली असती. ऑगस्टमध्ये यकृतात दिसलं ते तरीही दिसलं असतं का, हे मला माहीत नाही. कदाचित दिसलं असतं. एका माणसावरून असं काही सिद्ध करता येत नाही.

पण विचारलं नाही ते मी. तिसऱ्या दिवशी दारात चाची उभी होती आणि माझ्याजवळ हे होतं. मी ते तिच्या अंगावर टाकलं.

हे तिला वाच. तिच्यावरचा आरोप मी मागे घेते असं लिहिणार नाही, मागे घेऊन तो नाहीसा होत नाही. तो चुकीच्या माणसावर केला होता.

प्रियदर्शनी


माधवनगर
२७ फेब्रुवारी २०२५

अर्फा,

तुला सातव्या महिन्यात प्रवास नको, ते बरोबर आहे. म्हणून जे झालं ते सगळं लिहिते.

सोमवारी सकाळी साडेसहाला माझ्या खोलीचं दार वाजलं. चाची आणि बादशहाचाचा, पहिल्या एस.टी.नं आले होते. चाचा बाहेरच उभे राहिले. म्हणाले, "पोरीनं फोनवर तुजं पत्र वाचलं. दोन येळा वाचाय लावलं हिनं. रातभर बसून हुती, मग म्हणाली, चला."

चाची आत आली. मी चहा टाकायला वळले तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे. बस हितं."

तिनं पिशवीतून डबा काढला. बिस्किटांचा जुना पत्र्याचा, आईकडे होता तसाच, बहुतेक तो आईचाच. झाकण घट्ट बसलं होतं, तिला डाव्या हातानं जोर लावता येईना. मी उघडला.

आत गोळ्या होत्या. एकेक कापून घेतलेले तुकडे, मग अखंड पट्ट्या. एकही फोडलेली नाही.

मी मोजल्या. मला दुसरं काय करावं ते सुचलं नाही. एकशे पन्नास. दोन महिन्यांच्या एकाआड एक तीस, मग चार महिन्यांच्या एकशेवीस. आईनं दिलेल्या सगळ्या.

"तुम्ही खाल्ल्याच नाहीत."

"आगं, तिच्या हायत त्या. मी कशी खाऊ? तिच्या संपल्या तर लागतील म्हणून ठिवल्या."

"मग परत का नाही दिल्या?"

"दिल्या व्हत्या की पयल्यांदा. चार दिस बोलली न्हाई माज्याशी. तुला ठाव न्हाई व्हय तुजी आई? रोज सांजच्याला कुंपणावरनं इचारायची, खाल्लीस का गं अकिला? मी म्हणायची, खाल्ली."

रोज संध्याकाळी. त्यानंतर पाच-दहा मिनिटांनी माझा फोन जात असणार.

मी विचारलं, "मार्चनंतर तरी सांगायचं."

"मार्चात डॉक्टरानंच गोळी बंद केली तिची. मग कुणाला देऊ?" ती डब्याकडे बघत होती, माझ्याकडे नाही. "लगीन झालं, तवा म्हटलं आता जाऊ. तर ती हातरुणाला. म्हणायची, मला जरा बरं वाटू दे, दोघी जाऊ, मला समदं ठाव हाय तिथलं, कुठं काय कागद द्यायचा त्ये."

"आणि तिसऱ्या दिवशी? मी बोलले तेव्हा का नाही बोललात?"

चाची म्हणाली, "काय बोलू पोरी? तिनं दिल्या त्या बी गेल्या न् मी खाल्ल्या बी न्हाईत, हे तुज्या आबाला सांगू? खाल्ल्या असत्या तर निदान कुणाच्या तरी कामी आल्या म्हणून तो मानूस भाकर तरी गिळंल. म्हटलं, असू दे माज्यावर."

अर्फा, मी आई गेल्यापासून रडले नव्हते. दवाखान्यात नाही, घाटावर नाही. तू तेव्हा बायकांत म्हणाली होतीस की हिला काही वाटतच नाही; मी ऐकलं होतं. सोमवारचं वर्णन मी लिहिणार नाही. चाचीनं एका हातानं माझं डोकं धरलं होतं, दुसरा हात तिला वर करता येत नव्हता. बादशहाचाचा दारातून म्हणाले, "आवं, नंबर जाईल की तुमचा." मग आम्ही उठलो.

नंबर अठ्ठावीस होता. तुकडा घेताना ती ओरडली नाही, फक्त विचारलं, "मंगलचा बी असाच घेतला व्हता?" मी हो म्हणाले. रिपोर्टला दोन आठवडे. काखेतही एक गाठ आहे. बाकीच्या तपासण्यांत अजून तरी दुसरीकडे काही दिसलेलं नाही. यापेक्षा जास्त आज कुणालाच सांगता येणार नाही, म्हणून मीही सांगत नाही.

डबा माझ्याकडे ठेवून गेली आहे.

प्रियदर्शनी


माधवनगर
६ एप्रिल २०२५

अर्फा,

रिपोर्टबद्दल चाचीनं तुला फोनवर सांगितलं, "मंगलचाच हाय." शास्त्रीय भाषेत ते चुकीचं असलं तरी अर्थ बरोबर आहे. तिच्या गाठीतही पाटकरी आहे. म्हणजे तीच गोळी तिच्यावर चालण्याची शक्यता चांगली आहे.

चांगली म्हणजे किती, ते तू विचारशील. आमच्या एकेचाळीसमधल्या ज्यांनी ती खरोखर घेतली त्या चाळीस. त्यांतल्या चौतीस.

हे लिहिताना एक उलट बाजूही लिहायला हवी. चाचीनं त्या वेळी गोळ्या खाल्ल्या असत्या तर तिची गाठ काखेत गेली नसती कदाचित. आईनं खाल्ल्या असत्या तर तीही कदाचित. एकशे पन्नास गोळ्या दोघींपैकी कुणालाही चालल्या असत्या, आणि त्या दोन घरांमध्ये पत्र्याच्या डब्यात पडून होत्या. यावर काय वाटून घ्यायचं ते मला अजून कळलेलं नाही.

मी सरांना सगळं सांगितलं. त्यांनी मला तीन महिने रुग्णांच्या याद्यांपासून दूर ठेवलं आहे आणि आमचा निबंध परत मागवला आहे. दोन्ही योग्य आहे. जाण्याआधी मला एक दुरुस्ती करायला दिली. सतरा नंबर परत यादीत घेतला. शेरा बदलला: "नळ्या बरोबर. चार महिने गोळी घेतलेली नाही." आमच्या कामात अशी दुसरी जोडी नाही. गोळीशिवाय काय होतं ते दाखवायला मुद्दाम कुणाला गोळीविना ठेवता येत नाही. त्या एका जोडीशी ताडून पाहिल्यावर आमच्या अंदाजातली अकरा जनुकं चुकीची ठरली आणि गाळावी लागली. काम सुधारलं. हे वाक्य मी तीन वेळा लिहून खोडलं होतं, शेवटी ठेवलं, कारण ते खरं आहे.

डबा मी डॉक्टरांपुढे ठेवला. त्यांनी पट्ट्या उलटसुलट करून बघितल्या. सगळ्या बंद आहेत, सगळ्यात जुनीची मुदत ऑगस्टअखेर आहे. म्हणाल्या, "चालतील, पण नव्या मिळतात की, जुन्या कशाला?" चाची म्हणाली, "ह्याच पाहिजेत." त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांनी चिठ्ठीवर तीच गोळी लिहिली, सहा महिने, रोज एक, आणि 'रोज'खाली दोन रेघा मारल्या.

या वेळी मी "घेतली का" असं विचारायचं नाही असं ठरवलं आहे. आम्ही वेगळं ठरवलं. चाची गोळी गिळून मला मिस्ड कॉल देते, एकच रिंग, आणि बादशहाचाचा रिकामा कप्पा कात्रीनं कापून डब्याच्या झाकणात टाकतात. रविवारी मी कुंडलला जाऊन ते कप्पे मोजते. चाची म्हणाली, "इस्वास न्हाई व्हय माज्यावर?" मी म्हणाले, नाही. ती हसली. "मंगल बी आसंच बोलायची तुज्याबद्दल. पोरगी देवाला बी पावती मागंल म्हणायची."

मला हे माहीत नव्हतं.

रमजानात रिंग रोजा सुटल्यावर यायची. ईदपासून सकाळी आठला येते. परवा आठ वाजून वीस मिनिटं झाली तरी आली नाही. मी एस.टी. स्टँडवर जाऊन तिकिटाच्या रांगेत उभी होते तेव्हा वाजली. चार्जिंग संपलं होतं म्हणे. त्या वीस मिनिटांत मला कळलं की मी रोज सकाळी कुणाच्या फोनची वाट बघत असते. ते चाचीला सांगू नकोस.

तुझं बाळंतपण मेमध्ये आहे आणि ते कुंडललाच करायचं ठरलं आहे, असं चाचांनी सांगितलं. आमच्या घरात आता फक्त आबा आहेत. तुमच्या घरातलं पातेलं अजून आमच्याकडे आहे. आबांनी ते घासून फळीवर पालथं ठेवलंय, कुणाला वापरू देत नाहीत. मी घेऊन येईन म्हणते. रिकामं आणणार नाही. तू दार उघडलं नाहीस तर उंबऱ्याशी ठेवून जाईन.

डबा १३ ऑगस्टला संपेल. पुढच्या गोळ्या मी घेऊन ठेवल्या आहेत. ऑपरेशनच्या वेळी चाचीचा दुसरा तुकडा घेतील, तो बेचाळीस नंबर. तोवर याद्या माझ्याकडे परत आलेल्या असतील, पण तो मी बघणार नाही. दुसरं कुणी बघेल आणि मला सांगेल. मग तुला कळवीन, जे असेल ते.

आज आठ वाजून दोन मिनिटांनी रिंग झाली. डब्यात एकशे एकोणतीस आहेत.

दर्शनी